म्यान, खिसा आणि पोट
(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजी भाषेतील क्रियापदे एकेकटी भेटली तर फार सभ्य वाटतात. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘टेक’ म्हणजे घेणे, ‘लुक’ म्हणजे पाहणे, ‘पुट’ म्हणजे ठेवणे. शाळेत पाठ केलेले हे अर्थ जन्मभर पुरतील अशी आपली भाबडी समजूत असते. पण हीच क्रियापदे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’, ‘विथ’ असल्या चिल्लर सोबत्यांच्या नादी लागली की ओळख द्यायला तयार होत नाहीत. ‘गिव्ह अप’मध्ये कुणी कुणाला काही देत नाही, ‘टेक आफ्टर’मध्ये कुणी काही घेत नाही आणि ‘लुक आफ्टर’मध्ये पाहण्यापेक्षा राबणेच अधिक! खेड्यातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या आम्हा विद्यार्थ्यांची दाणादाण उडते ती याच ठिकाणी.

त्यातून आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आण्णांनी चौथीनंतर पाटी ठेवली ती ठेवलीच. आई शाळेत जाते ती फक्त मतदानाच्या दिवशी. तेव्हा एखादा इंग्रजी वाक्प्रचार अडला तर घरी कुणाला विचारावे ही सोयच नाही. पण अशा घराचा एक फायदाही असतो, हे मला गेल्या वर्षभरात कळून आले. तो फायदा सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

झाले असे की, इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर वीस-बावीस क्रियापदे त्यांच्या सोबत्यांसह लिहिली आणि प्रत्येकासमोर एकेक अर्थ दिला. त्यांतच ‘पुट अप विथ’ होते आणि त्याच्यापुढे लिहिले होते, सहन करणे. सगळ्यांनी वह्यांत उतरवून घेतले आणि वर्ग पुढे गेला. मी मात्र तेथेच अडले. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे सह. वर सह ठेवणे! याच्यातून सहन करणे निघाले कोठून? तास संपल्यावर सरांना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, “ग्रंथालयात मोठा कोश आहे. त्याला विचार आणि तो काय म्हणतो ते मलाही येऊन सांग.” सरांचा हा शब्द मी खरोखरच पाळला. त्यापायी दोन महिने ग्रंथपालांना किती त्रास दिला हे तेच जाणोत.

आरंभ ‘पुट’पासूनच करू या. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ठेवणे असा नव्हता. ढकलणे, रेटणे, खुपसणे असा होता. हा जुना अर्थ आजही आपल्या मैदानावर जिवंत आहे. क्रीडामहोत्सवात ‘शॉट पुट’ होते ना? मराठीत आपण त्याला गोळाफेक म्हणतो. पण नियमाप्रमाणे तो गोळा फेकायचा नसतोच, खांद्यापाशी धरून एका हाताने पुढे रेटायचा असतो. म्हणजे आपली खेळाडू मैत्रीण जेव्हा गोळा घेऊन वर्तुळात उभी राहते तेव्हा ती नकळत हजार वर्षांपूर्वीचे इंग्रजी बोलत असते.

पुढे रेटणे सौम्य झाले, ठेवणे आले. ‘पुट अप’ म्हणजे वस्तू तिच्या जागी नीट ठेवून देणे, आवरून टाकणे. आपण घरी म्हणतो, “भांडी वर ठेव,” तेव्हा भांडी आकाशात ठेवायची नसतात, फळीवर आवरून ठेवायची असतात. तसाच हा ‘अप’. आता त्या काळच्या युरोपातील मानी पुरुषाच्या अंगावर आवरून ठेवण्यासारख्या दोन वस्तू असत. एक कमरेची तलवार आणि दुसरी पैशाची थैली. तलवार म्यानात घालणे याला ‘पुट अप’ म्हणत आणि पैसे थैलीत टाकणे यालाही ‘पुट अप’ म्हणत.

तलवारीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बायबलमध्ये आहे. येशूला पकडायला लोक आले तेव्हा पीटर या शिष्याने तलवार उपसली आणि मुख्य धर्मगुरूच्या नोकराचा कान कापला. येशूने त्याला तलवार म्यानात घालायला सांगितले. इंग्लंडच्या राजाच्या आज्ञेने 1611 साली जे इंग्रजी बायबल प्रसिद्ध झाले, त्यात या ठिकाणी क्रियापद आहे ‘पुट अप’च. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. पीटरजवळ तलवार होती, ती उपसलेली होती, तिने एक घावही घातलेला होता. म्हणून तर ती म्यान करा या सांगण्याला अर्थ आला!

सोळाव्या शतकात या तलवारीच्या आणि थैलीच्या जागी अपमान आला. कुणी आपल्याला घालूनपाडून बोलले आणि आपण त्याचा सूड न घेता तो अपमान मुकाट्याने आवरून ठेवला, तर त्या आवरून ठेवण्याला लोक ‘पुट अप’ म्हणू लागले. तेव्हा ‘विथ’ अजून आलेला नव्हता. अपमानच सरळ ‘पुट अप’ करीत. शेक्सपिअरच्या नाटकांत हे कैक ठिकाणी सापडते. ‘ऑथेल्लो’मध्ये इयागोने लुबाडलेला रॉडरिगो शेवटी वैतागतो आणि आपण मूर्खासारखे भोगले ते आता शांतपणे आवरून ठेवणार नाही असे त्याला बजावतो, ते याच शब्दांत. ‘टायटस अँड्रॉनिकस’मधला प्रसंग तर फारच बोलका आहे. सम्राट सॅटर्निनसचा भर सभेत अपमान होतो. राणी टॅमोरा त्याला क्षमा करायला सांगते. तो संतापून विचारतो की, उघड उघड झालेली बेअब्रू मी सूड न घेता आवरून ठेवू काय? तेव्हा ती त्याच्या कानात सांगते की, आता गप्प राहा, योग्य दिवशी या सर्वांचा निकाल मीच लावते. म्हणजे म्यानात गेलेली तलवार गंजत पडण्यासाठी गेलेली नव्हती. ती पुन्हा निघणार होती.

थैलीची आठवणही भाषेने जपून ठेवली. अपमान खिशात घालणे असा प्रयोग इंग्रजीत झाला आणि तो आजही आहे. शेक्सपिअरच्याच ‘किंग जॉन’ नाटकात ऑस्ट्रियाचा सरदार मोठ्या ऐटीत म्हणतो की, हे अपमान मला आता खिशात घातले पाहिजेत. त्यावर समोरचा वात्रट वीर त्याला सुनावतो की, तुझी विजार त्यासाठी चांगलीच सोयीची आहे!

1755 साली डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश निघाला. त्यात ‘पुट अप’ला सूड न घेता सोडून देणे असा अर्थ आहे आणि ‘विथ’ जोडलेला आपला वाक्प्रचारही राग न धरता सोसणे अशा अर्थाने तेथे येऊन बसला आहे. ‘विथ’ आला आणि तलवार हळूहळू दिसेनाशी झाली. आज लंडनमधला एखादा माणूस शेजाऱ्याच्या कुत्र्याचे भुंकणे, उशिरा येणारी आगगाडी किंवा सततचा पाऊस ‘पुट अप विथ’ करतो, तेव्हा आपल्या कमरेला कधी काळी म्यान होते हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. आणि आमच्या वसतिगृहातील मैत्रिणी मेसच्या पाणीदार आमटीला ‘पुट अप विथ’ करतात, तेव्हा त्यांच्या हाती चमच्याखेरीज दुसरे शस्त्र नसते!

या वाक्प्रचाराचे तीन शब्द एकमेकांना इतके घट्ट चिकटले आहेत की त्यांना कुणी सोडवू पाहिले तर फजिती होते. इंग्रजीत एक जुना दंडक सांगितला जातो की, वाक्याच्या शेवटी ‘विथ’, ‘टू’, ‘ऑफ’ असले शब्द येऊ देऊ नयेत. कवी ड्रायडन यांनी 1672 साली बेन जॉन्सनच्या भाषेत हा दोष काढला होता. या दंडकाची थट्टा करण्यासाठी कुणीतरी ‘अप’ आणि ‘विथ’ दोघांनाही उचलून ‘पुट’च्या आधी नेऊन बसवले आणि असला पांडित्याचा जाच मी सोसणार नाही अशा अर्थाचे एक उलटेपालटे वाक्य तयार केले. हा विनोद सर विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर सर्रास खपविला जातो. त्यांनी तो केल्याचा भक्कम पुरावा नाही. पण मोठ्या माणसाच्या नावावर विनोदही लवकर खपतो हेच खरे.

हे सारे मी सरांना जाऊन सांगितले. ते खूश झाले. पण खरी मौज पुढेच होती. सुटीत घरी गेले, तेव्हा रात्री भाकरी थापता थापता आईने सहज विचारले, “एवढं दोन महिनं काय शिकलीस गं?” मी तिला तलवारीची आणि म्यानाची गोष्ट सांगितली. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “मग आपल्यात काय म्हनत्यात, ते लिवलंस का?”

मला ते सुचलेच नव्हते. त्या रात्री चुलीपुढे बसून आम्ही मायलेकींनी मराठीतील शब्द गोळा केले. इंग्रज मनुष्य अपमान म्यानात नाही तर खिशात ठेवतो. मराठी मनुष्य तो कोठे ठेवतो? पोटात! कुणाचा अपराध झाला तर आपण म्हणतो, “एवढं पोटात घाला.” आणि अपमान सोसला तर म्हणतो, “गिळला बिचाऱ्याने.” आता गंमत पाहा. दोन्ही ठिकाणी वस्तू जाते पोटातच. पण पोटात घालतो तो थोर असतो: देव, आई, वडील मंडळी. आणि गिळतो तो लहान असतो: गडी, कूळ, सून, कर्जदार. सावकाराने कुळाचे बोलणे पोटात घातले असे म्हणता येते. कुळाने सावकाराचे बोलणे पोटात घातले असे कुणी म्हणत नाही. कुळाला ते गिळावेच लागते. एकच पोट, पण मराठीने त्याला दोन दरवाजे ठेवले आहेत.

पोटाशी इंग्रजीचेही थोडे नाते आहेच. ‘स्टमक’ म्हणजे पोट. त्याचेच क्रियापद केले तर आज त्याचा अर्थ होतो सहन करणे, पचवणे. पण सोळाव्या शतकात आरंभी त्याचा अर्थ याच्या अगदी उलट होता: राग धरणे, मनाला लावून घेणे. म्हणजे अपमान पोटात गेला की तो पचतोच असे नाही, कधी कधी तो आतल्या आत शिजतही राहतो, हे त्या क्रियापदाला ठाऊक होते.

मग आईने एक फरक सांगितला, तो मला कोणत्याही कोशात आढळला नव्हता. ती म्हणाली, “ऊन सोसायचं आसतं. मुकादमाचं बोलनं सोसावं लागतं. दोन्ही एक न्हवं.” विचार केला तर किती खरे! उन्हात खुरपणीला बसले की ऊन लागणारच. त्यात कुणाचा मान जात नाही. दुष्काळ सोसायचा असतो, बाळंतपणाच्या कळा सोसायच्या असतात, घरातले माणूस गेले तर तेही दुःख सोसायचे असते. पण ऊन ‘खपवून घेतले’ किंवा मरण ‘चालवून घेतले’ असे आपण कधी म्हणतो का? नाही. खपवून घेतात ते उद्धटपणाला, चालवून घेतात ते फाटक्या नोटेला. जे नाकारता आले असते आणि तरी नाकारले नाही, त्यासाठी हे शब्द आहेत. इंग्रजीतही असेच आहे. मुलाचा मृत्यू कुणी ‘पुट अप विथ’ करीत नाही. तेथे ‘बेअर’ हे क्रियापद येते. ‘पुट अप विथ’ हे त्रासासाठी, जाचासाठी, माणसांनी केलेल्या आणि माणसांना थांबवता येण्यासारख्या गोष्टींसाठी.

मी आईला म्हटले, “म्हणजे ज्याच्याजवळ तलवार आहे, त्यानेच म्यान करायची.” ती म्हणाली, “आमच्याजवळ खुरपं हाय. त्ये खाली ठिवलं तर सांच्याला चूल कशी पेटायची?”

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

‘बेअर’ शब्द आला म्हणून आण्णांविषयी सांगितले पाहिजे. आण्णा बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. ‘बेअर’चा मूळ अर्थ वाहणे, उचलून नेणे. भाषाशास्त्र सांगते की हा इंग्रजी शब्द आणि आपल्या संस्कृतातला ‘भृ’ धातू हे एकाच मुळाचे अंकुर आहेत, आणि त्याच ‘भृ’पासून ‘भार’ शब्द आला. इंग्रजी ‘सफर’ म्हणजे भोगणे. त्याचे लॅटिन मूळ पाहिले तर अर्थ निघतो खाली राहून वाहणे, आणि तेथेही धातू तोच. ‘टॉलरेट’ म्हणजे सहन करणे. त्याचे नाते आपल्या ‘तुला’शी, म्हणजे तराजूशी लागते. मी हे वाचले तेव्हा ग्रंथालयाच्या शांततेत मला एकदम आवारातला गलका ऐकू आला. पाठीवर पोते, खाली वाकलेला माणूस आणि बाजूला वजनकाटा! युरोपच्या पंडितांनी सहनशीलतेसाठी जे जे शब्द घडविले, त्यांच्या मुळाशी आमचा आण्णाच उभा होता.

आणि ‘सहन’ हा आपला शब्द? तो मला सर्वांत अधिक चकित करून गेला. संस्कृत ‘सह्’ धातूचा वैदिक अर्थ आहे जिंकणे, वरचढ होणे. ऋग्वेदात अग्नीला बळाचा पुत्र म्हटले आहे आणि तेथे बळासाठी ‘सहस्’ हाच शब्द आहे. जर्मन भाषेत विजयाला ‘झीग’ म्हणतात, तोही याच कुळातला मानतात. जो वरचढ ठरतो तो टिकून राहतो, जो टिकून राहतो तो सोसतो, अशा पायऱ्या उतरत उतरत जिंकणारा शब्द निमूट बसणारा झाला. इंग्रजीत तलवार म्यानात जाऊन हरवली आणि आपल्याकडे विजय सहनात जाऊन हरवला. दोन्हीकडे गोष्ट एकच. सहन करणे हे मुळात समर्थाचे काम होते. पुढे समर्थांनी ते दुबळ्यांना नेमून दिले आणि वर त्याला सद्गुण असे नाव ठेवले.

मित्रमैत्रिणींनो, हे सगळे शब्दांचे खेळ आहेत असे तुम्ही म्हणाल. मलाही ते खेळच वाटत होते. पण त्याच वर्षी दिवाळीला माझी आक्का माहेरी आली ती परत गेली नाही.

आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नववीनंतर शाळा सुटली, अठरा पूर्ण होताच लग्न झाले. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी नवऱ्याचा हात उठू लागला. दिवाळीत ती आली तेव्हा मनगटावर काळेनिळे होते आणि बांगड्या नेहमीपेक्षा जास्त भरल्या होत्या. चार दिवसांनी घरात बैठक बसली. मामा, चुलते, मधली माणसे आली. जो तो एकच सांगत होता, शब्द फक्त निराळे. “भांड्याला भांडं लागायचंच.” “जरा दमानं घ्यायचं.” “चालवून घ्यायचं, दुसरं काय?” “बाईच्या जातीला सोसावं लागतंय.” मी दाराआड उभी होते. एकेक क्रियापद मला ओळखीचे वाटत होते. चालवून घेणे, खपवून घेणे, पोटात घालणे. ज्या शब्दांना हाती काही सत्ता लागते, ते सगळे शब्द ज्या मुलीच्या हाती काहीच नव्हते तिच्या ओटीत ही मंडळी घालीत होती. जिच्या कमरेला तलवार कधी बांधलीच नाही, तिला म्यान करायला सांगत होती.

आण्णा तोवर एक शब्द बोलले नव्हते. ते तसेही कमी बोलतात. आम्हाला लहानपणापासून माहीत आहे की, ते उमेदवारीत होते तेव्हा शंभर किलोचे पोते पाठीवर येई. पुढे हमालांनी एकजुटीने पोत्याचे माप उतरवून घेतले. हमाल, माथाडी यांच्यासाठी महाराष्ट्रात 1969 साली कायदा झाला, त्याची गोष्ट आण्णा आम्हाला रामायणासारखी सांगतात. आता त्यांच्या आवारात पन्नास किलोच्या वर पोते असले तर हमाल हात लावीत नाहीत.

त्या दिवशी सगळ्यांचे बोलून झाल्यावर आण्णा म्हणाले, “आमच्या पाठीला सुदिक माप ठरलंया. पन्नासाच्या वर उचलत न्हाई म्हंजी न्हाई. पोरीला काय माप न्हाई व्हय?”

बैठक तेथेच संपली. चहा न घेताच काही जण उठले. नंतर भावकीत बोलणी झाली, अजून होतात. धाकट्या बहिणीचे, म्हणजे माझे, लग्न कसे जमणार याची काळजी आमच्यापेक्षा शेजाऱ्यांना अधिक आहे. ते मात्र आम्ही सर्वांनी मिळून खुशीने ‘पुट अप विथ’ केले आहे. कारण येथे म्यान करणारे आम्ही आहोत.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. सोसणे वाईटच असे मी म्हणत नाही. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकीत, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत, हे आपण सर्वांनी वाचले आहे. त्यांनीही सोसले. पण घरी बसणे त्यांना शक्य होते. त्यांनी तो मार्ग नाकारला आणि शाळेच्या वाटेवरचे शेण पत्करले. पिशवीतले ते दुसरे लुगडे हीच त्यांची म्यानातली तलवार होती. आणि कधी सोसणे थांबविणे हेच कर्तव्य ठरते. 1 डिसेंबर 1955 रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली. तेथील कृष्णवर्णीयांनी 381 दिवस बसवर बहिष्कार टाकला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बसमधला तो भेद संपला. पुढे लोक म्हणत की दिवसभराच्या कामाने त्या थकल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत. त्यांनी स्वतः नंतर लिहिले की थकवा कामाचा नव्हता, नमते घेत राहण्याचा होता. त्यासाठी त्यांनी वापरले तेही असेच एक जोडक्रियापद, ‘गिव्ह इन’.

आपल्या वर्गात माझ्यासारख्या पुष्कळ जणी आणि पुष्कळ जण आहेत, ज्यांच्या घरात त्यांच्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलेले नाही. आपल्याला नेहमी विचारतात, “बी. ए. होऊन काय मिळणार?” नोकरीची हमी कुणी देत नाही हे आपण जाणतोच. मला एवढेच दिसते की, सोसायचे कुठवर आणि नाकारायचे कुठून, हे ठरविण्याची ताकद ज्याच्या अंगी येते, त्याचेच सोसणे हे सोसणे असते. ती ताकद कुणाला संघटनेतून मिळते, जशी आण्णांना मिळाली. कुणाला ती शिक्षणातून मिळेल. बाकीच्यांचे सोसणे म्हणजे नुसते गिळणे. त्यांना सहनशील म्हणून आपण त्यांचा गौरव करू नये.

आक्काने यंदा दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. शाळा सोडल्याचा दाखला काढायला ती स्वतः गेली होती. दिवसा आईबरोबर खुरपायला जाते आणि रात्री इंग्रजीचे पुस्तक घेऊन बसते. मी घरी असले की क्रियापदांचे अर्थ मला विचारते. परवा तिने ‘पुट ऑफ’ विचारले, ‘पुट ऑन’ विचारले, ‘पुट आऊट’ विचारले. ‘पुट अप विथ’ यादीत पुढेच होते. त्याच्यावर तिने पेन्सिल टेकवली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “ह्ये मला म्हाईत हाय. फुडचं सांग.”